पुस्तकांची पेटी पाठवणारा राजा

सकाळी सहा वाजता बीडमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. बहुतेक खुर्च्या भरलेल्या असतात. कुणी पोलिस भरतीचं करतंय, कुणी तलाठीचं, कुणी एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट देतंय. टेबलावर चिकटवलेलं टाइमटेबल, शेजारी पाण्याची बाटली आणि चार्जिंग पॉइंटसाठी हळूच चाललेली खेचाखेची. तुमच्यापैकी बरेच जण हा पेपर तिथेच बसून वाचत असतील. दर महिन्याला फी भरून आपण त्या खुर्चीवर बसतो, कारण घरी जागा नाही, शांतता नाही आणि कधी कधी लाइटही नाही.

आता गावाकडे या. माझ्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. म्हणजे पाटी आहे. आत एक लोखंडी कपाट आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे असायची ते कायम शेतात असायचे. बारावी होईपर्यंत मी तिथून एकही पुस्तक घरी आणू शकले नाही. मला त्यात काही चुकीचं आहे असंही वाटलं नव्हतं. वाचनालय असंच असतं, असा माझा समज होता.

हा समज मोडला तो एका माणसामुळे, ज्याचं नाव तुम्हाला नक्की माहीत आहे. सामान्य ज्ञानात एका मार्काला येतं ना, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती कोणी दिली? उत्तर, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. आपण गोल काळा करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. मीही तेच करायचे. पण या माणसाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांत मोफत वाचनालयांचं जाळं विणलं होतं, हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळलं. म्हणून आज त्यांची गोष्ट.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीराव जन्माने राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या शेतकरी घरात १८६३ च्या मार्चमध्ये त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं गोपाळ. बडोद्याच्या गायकवाड घराण्याशी नातं होतं, पण ते लांबचं. घरात राजवाड्याची ऐट नव्हती, शेती होती, गुरंढोरं होती.

१८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याचे राजे मल्हारराव यांना गैरकारभाराच्या कारणावरून गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्याच्या शाखांमध्ये शोध सुरू झाला आणि कवळाण्याहून तीन मुलं बडोद्याला नेण्यात आली. आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. निवड झाली मधल्या गोपाळची. २७ मे १८७५ ला तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. वय बारा.

आता गंमत बघा. या बारा वर्षांच्या राजाला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्याकडे पाचवी-सहावीतला मुलगा मराठी वाचताना अडखळला की आपण लगेच त्याला ढ ठरवून मोकळे होतो. इथे एका अख्ख्या संस्थानाचा राजा त्या वयात अक्षरं गिरवायला बसला होता. त्याच्यासाठी वाड्यात खास शाळा निघाली, एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषा एकदम सुरू झाल्या. तोवर राज्याचा गाडा दिवाण सर टी. माधवराव हाकत होते. २८ डिसेंबर १८८१ ला, वयाच्या अठराव्या वर्षी, सयाजीरावांच्या हातात पूर्ण अधिकार आले.

उशिरा वाचायला शिकलेला माणूस दोन प्रकारचा होऊ शकतो. एक तर तो जन्मभर पुस्तकांपासून पळतो, नाही तर त्यांना सोडतच नाही. सयाजीराव दुसऱ्या प्रकारचे निघाले. पुढे त्यांच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातला खासगी संग्रह वीस हजार पुस्तकांपर्यंत गेला.

शाळा झाली, पण पुढे?

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना आणि मुलींनाही. १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू झालं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात असं काहीही नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचं उदाहरण होतं. ते विधेयक पास झालं नाही, हा भाग वेगळा.

पण इथे एक अडचण होती. मूल चार-पाच वर्षं शाळेत जायचं, वाचायला शिकायचं, मग शेतावर जायचं. घरात पुस्तक नाही, गावात पेपर नाही. काही वर्षांत शिकलेलं सगळं विसरायला व्हायचं. म्हणजे शाळेवर केलेला खर्च मातीत. ही अडचण तुम्हाला जुनी वाटते का? आपल्याच वर्गातली किती मुलं दहावीनंतर सुटली आणि आज त्यांना एक साधा अर्ज भरायला दुसऱ्याकडे जावं लागतं, ते आठवून बघा.

सयाजीराव खूप फिरायचे. टीकाकार म्हणायचे, महाराज बडोद्यात कमी आणि युरोपात जास्त असतात. त्यात तथ्यही होतं. पण हा माणूस फिरताना नुसते राजवाडे बघत नव्हता. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली. कामगार, बायका, मुलं, कुणीही आत जातंय, पुस्तक घेतंय, कुणी हटकत नाही. आपल्या अडचणीचं उत्तर त्यांना तिथे दिसलं. शाळा माणसाला वाचायला शिकवेल आणि वाचनालय त्याला वाचता ठेवेल.

अमेरिकेचा ग्रंथपाल आणि लाकडाची पेटी

मग त्यांनी सरळ तिथूनच माणूस आणला. विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन. न्यू हेवन शहरात ग्रंथपाल म्हणून काम केलेला हा अमेरिकन माणूस १९१० मध्ये बडोद्यात आला आणि १९१३ पर्यंत राहिला. जेमतेम तीन वर्षं. पण तेवढ्यात त्याने काय काय उभं केलं ते बघा.

बडोदा शहरात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झालं. सुरुवातीची पुस्तकं कुठून आली? राजवाड्यातून. महाराजांनी आपला वीस हजारांचा खासगी संग्रह लोकांसाठी देऊन टाकला. महिलांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली. तेव्हा बायकांनी घराबाहेर बसून पेपर वाचणं हीच बातमी होती, हे लक्षात ठेवा. १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग निघाला, देशातला पहिला. १९१२ पासून ग्रंथालयांवर एक नियतकालिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. एस. आर. रंगनाथन, ज्यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो, ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले १९२४ मध्ये. त्याच्या बारा-तेरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट शहरातल्या इमारतीची नाही, ती गावांची आहे. तिचे दोन भाग आहेत.

पहिला भाग पैशाचा. गावात वाचनालय हवं असेल तर गावाने वर्षाला ठरावीक रक्कम जमवायची, खेड्यासाठी ती शंभर रुपयांपर्यंत होती. तेवढीच रक्कम स्थानिक पंचायत देणार आणि तेवढीच संस्थान देणार. तीन वाटे, तीन मालक. म्हणजे राजा देतो आणि आपण घेतो, असा मामला नव्हता. गावाने हात हलवला नाही तर वाचनालय नाही. ज्याने आपल्या खिशातून आठ आणे दिलेत, तो कपाट उघडं आहे का हे बघायला जातोच. कुलूप घालून कोणी निवांत बसू शकत नाही.

दुसरा भाग पेटीचा. ज्या गावात वाचनालय नव्हतं, तिथे पुस्तकं स्वतः जायची. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरायची आणि ती रेल्वेने, गाडीने, जशी जमेल तशी पाठवायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. गावात शाळामास्तर किंवा एखादा जबाबदार माणूस ती ताब्यात घ्यायचा, लोक पुस्तकं वाचायचे, मुदत संपली की पेटी परत आणि दुसरी पेटी हजर. फिरतं वाचनालय. आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रं आणि पुढे सिनेमेही गावोगाव दाखवले जायचे. हे काम ग्रंथालय खात्याचंच होतं.

या कामामागे मोतीभाई अमीन नावाचा एक गुजराती शिक्षक होता. सरकारी योजना यायच्या आधीपासून तो मित्रमंडळं काढून गावात वाचनालयं चालवत होता. सयाजीरावांनी त्याला खात्यात घेतलं आणि खेड्यांचं काम त्याच्याकडे दिलं. आधीच काम करणारा माणूस शोधायचा आणि त्याच्या हातात साधनं द्यायची, ही त्यांची पद्धत होती. बॉर्डन परत गेल्यावरही काम थांबलं नाही. सयाजीरावांच्या हयातीतच संस्थानातल्या ग्रंथालयांची संख्या हजारावर गेली.

राजाच्या राज्यातली हार

आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस देवच की. नाही. आणि ही गोष्ट इथेच खरी होते.

सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा अगदी सुरुवातीलाच काढल्या. पण सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात, म्हणून मुस्लिम शिक्षक नेमावे लागले. कायदा राजाच्या हातात होता, लोकांचं मन नव्हतं.

१९१३ मध्ये त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात शिक्षण झाल्यावर संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. करार पाळायला बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला आले. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकून आलेला हा माणूस. त्याला शहरात भाड्याने खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहावं लागलं आणि जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद त्यांच्या टेबलावर लांबून टाकायचे. शेवटी बाबासाहेब मुंबईला परत गेले.

हे कुठल्या शहरात झालं? ज्या शहरात मध्यवर्ती ग्रंथालय होतं, महिलांची वाचनाची सोय होती, ग्रंथपालांचा वर्ग होता, तिथेच. मला हे वाचून पहिल्यांदा राग आला होता. मग वाटलं, हे सांगायलाच हवं. पुस्तकं ठेवली म्हणजे समाज सुधारला, असं होत नाही. वाचनालय दार उघडतं, आत येणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते एका रात्रीत बदलत नाही.

पण त्याच शिष्यवृत्तीची दुसरी बाजूही आहे. त्या पैशावर न्यूयॉर्कला गेलेला विद्यार्थी तिथल्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसला आणि पुढे आयुष्यभर पुस्तकं गोळा करत राहिला. मुंबईत दादरला त्याने राजगृह बांधलं, तेच मुळी पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून. एका वाचकावर केलेला खर्च किती जणांपर्यंत पोचला, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. राज्यघटना तुमच्या सिलॅबसमध्ये आहे.

सयाजीरावांचं स्वतःचं आयुष्यही सुखाचं म्हणता येत नाही. पहिली पत्नी लवकर गेली. तीन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत वारले. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहासमोर रीतसर न वाकता पाठ फिरवल्यावरून इंग्रज सरकार त्यांच्यावर खवळलं. तरी कामं चालू राहिली. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, जिचा एटीएम तुम्ही आज वापरत असाल. जुनी संस्कृत हस्तलिखितं छापणारी मोठी ग्रंथमाला सुरू झाली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षराची ओळख नसलेला मुलगा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष! ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

आणि तेव्हा आपलं बीड?

बडोद्यात पेट्या फिरत होत्या तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी शाळा, मराठी वाचनालय काढायचं तर लोकांनीच पदरमोड करायची आणि सभा घ्यायची तर आधी परवानगी मागायची. विचार करा, ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंतांची परंपरा आहे, ज्या दासोपंतांनी कागद पुरला नाही म्हणून की काय, लांबलचक कापडी पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्याच जिल्ह्यात पुढे मराठी पुस्तकासाठी धडपडावं लागलं. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा आला, १९६७ मध्ये महाराष्ट्राचा. आज राज्यात अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. आपल्या जिल्ह्यातही आहेत. काही फार छान चालतात, तिथले ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं टिकून आहेत. आणि काहींची फक्त पाटी आहे.

म्हणजे आपल्याकडे कायदा आहे, अनुदान आहे, इमारती आहेत. मग बडोद्याकडे होतं आणि आपल्याकडे नाही, असं काय? मला वाटतं, तिसरा वाटा. गावाचा. तुमचा आणि माझा.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी काहींचे आईवडील आजही जातात, काहींनी स्वतः फडात कोप्यांवर लहानपण काढलंय. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर जातात. जी जातात त्यांची शाळा चार-पाच महिने तुटते. शिकलेलं वाचन पुसलं जातं. सयाजीरावांना पडलेला प्रश्न अगदी हाच होता. त्यांचं उत्तरही साधं होतं. माणूस पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तक माणसापर्यंत जाईल.

यासाठी राजा लागत नाही. एनएसएसचा एक गट पुरेसा आहे. घरातली जुनी बालभारती, गोष्टींची पुस्तकं, चित्रांची पुस्तकं गोळा करा, तीसेक झाली तरी चालतील. एक पत्र्याची पेटी घ्या. टोळीत दहावी-बारावी झालेलं कुणीतरी पोर असतंच, त्याच्या नावावर ती द्या, यादी लिहून. हंगाम संपल्यावर परत घ्या. पुस्तकं फाटून आली तर ती वाचली गेली, असं समजा.

मी सुरुवात माझ्या गावापासून करणार आहे. गेल्या महिन्यात जाऊन वाचनालयाची रीतसर वर्गणी भरून आले आणि पावती घेतली. पुढच्या वेळी किल्ली मागताना ती हातात असेल. तुमच्या गावाच्या वाचनालयाचे सभासद किती, कपाट शेवटचं कधी उघडलं, हे एकदा जाऊन विचारा. पाहुण्यासारखं विचारू नका, सभासद होऊन विचारा.

आणि दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघताना बघा. ट्रॉलीत भांडी असतात, सरपण असतं, गोधड्या असतात, कोंबड्याही असतात. एक पेटी बसेल एवढी जागा त्यात निघते.